निकाल नावानिशी

दहावीचा निकाल लागला की दुपारी माझा मोबाइल वाजायचा. पलीकडे विस्तार अधिकारी. विस्तार अधिकारी म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब, आणि त्या दिवशी त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आणखी वरचे साहेब त्यांच्या मानगुटीवर बसलेले असायचे. त्यामुळे नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ प्रश्न: निकाल किती? मी त्या हायस्कूलचा कारकून. एक आकडा सांगून मोकळं व्हायची माझी केव्हाचीच तयारी असायची. पण समोर बाई बसलेल्या असायच्या. त्या नुसता हात पुढे करायच्या, मी फोन द्यायचो, आणि बाई चष्मा कपाळावर सरकवून सुरू करायच्या.

"हां साहेब, घ्या लिहून. कल्पना पास. रोशन पास, त्याने तर कमालच केली. निकिता पास, पण हिंदीत थोडक्यात वाचली, परीक्षेच्या वेळी तिची आई दवाखान्यात होती ना."

साहेब तिकडून टक्के, टक्के म्हणत राहायचे आणि बाई इकडून जयेशच्या अक्षरावर बोलत राहायच्या. सगळी नावं संपल्याशिवाय फोन माझ्या हाती परत येत नसे. मग मी शाळेमागच्या जांभळाखाली जाऊन गुपचूप टक्केवारी मेसेज करायचो. साहेबांचं उत्तर यायचं, एक अंगठा. माझ्या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं असं आता वाटतं, म्हणजे बाई जे सांगायच्या नाहीत ते बाहेर जाऊन सांगणं.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. शाळा वसईच्या पूर्वेकडे, चांदीप गावाच्या अलीकडे, सरकारी. तिला हायस्कूल म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. आठवी, नववी, दहावी असे तीन वर्ग, एक ऑफिस, आणि एक खोली जिला कागदोपत्री प्रयोगशाळा म्हणतात आणि जिच्यात खिचडीचा तांदूळ असतो. मी राहायला शहरात, फुलपाड्याला. आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या इंटरनॅशनल शाळेत जातात. इंटरनॅशनल म्हणजे तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान आणि वरच्या दोन मजल्यांवर शाळा. त्यांच्याकडे जी पोरं जाऊ शकत नाहीत ती आमच्याकडे, म्हणजे आसपासच्या भातशेतीवाल्यांची आणि वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्यांची. शाळेत पोरं इतकी थोडी की एखादं आजारी पडलं तर शिपायालासुद्धा चुकल्यासारखं व्हायचं.

बाई स्वतः वसईच्या पश्चिमेकडच्या. जुनं ख्रिस्ती घराणं, केळीची आणि मोगऱ्याची वाडी. तिकडून इकडे यायचं म्हणजे एक बस आणि दोन रिक्षा. बदली मागून घराजवळच्या शाळेत जाता आलं असतं त्यांना. मी एकदा तसं सुचवलंही. तर म्हणाल्या, "भाऊसाहेब, तिथे सगळे मला लहानपणापासून ओळखतात. धाक राहत नाही." इथे त्यांचा धाक होता असं त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

दिसायला बाई किरकोळ. सुती साडी, कानात बारीक कुड्या, काखेत बारा महिने छत्री, आणि हातात एक स्टीलचा डबा. डब्यात मोड आलेले वाल, कोमट पाण्यात. हे वाल सोलायचे आणि बिरडं करायचं, हा त्यांच्या घरचा रोजचा नाही तरी एक दिवसाआडचा कार्यक्रम असावा. घरी वेळ कुठे, म्हणून त्या सोलायच्या शाळेत. शाळेत म्हणजे कुठेही. स्टाफ मीटिंगमध्ये डबा मध्यभागी यायचा आणि प्रत्येकापुढे मूठ मूठ वाल. नव्या आलेल्या शिक्षकाला वाटायचं, काहीतरी खायला आहे. तालुक्याच्या बैठकीत अधिकारी गुणवत्तावाढीवर तासभर बोलायचे, आणि पहिल्या रांगेत बाईंच्या दोन बोटांतून दाणा टुणकन निसटून डब्याच्या झाकणात पडायचा. एकदा एका अधिकाऱ्यांनी विचारलं, मॅडम, तुमचं लक्ष आहे ना? बाई म्हणाल्या, कान मोकळेच आहेत, साहेब. आणि खरंच, भाषणात कुठला मुद्दा दोनदा आला हे त्यांनी नंतर त्या अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यानंतर आमच्या शाळेला संगणक मिळायला जो उशीर झाला त्याचा या प्रसंगाशी काही संबंध नाही, असं मी तरी मानतो.

दुसरी सवय बसण्याची. पोरगं शाळेत येईनासं झालं की बाकीच्या शाळा नोटीस पाठवतात. आमच्या बाई स्वतः जायच्या आणि त्या घरात बसायच्या. तक्रार नाही, उपदेश नाही. चुलीपाशी, नाहीतर ओट्यावर बसून डबा उघडायचा. घरातल्या बाईला पहिल्यांदा मान वाटायचा, मग संकोच, मग कंटाळा, आणि शेवटी ती स्वतःच पोराच्या पाठीत धपाटा घालून त्याला शाळेत पाठवायची, कारण त्याशिवाय ही बाई घरातून उठत नाही हे तिला कळून चुकलेलं असायचं. शिक्षणशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात ही पद्धत असेल असं वाटत नाही. पण आमच्या शाळेत गळती जवळजवळ नव्हती.

टक्क्यांशी त्यांचं काय वाकडं होतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आधी मला दाट शंका होती की बाईंना टक्केवारी काढताच येत नसावी. त्या इतिहास-भूगोल शिकवायच्या, आणि गणिताचं नाव काढलं की छत्री उचलून बाहेर बघायच्या. एकदा मी धीर करून विचारलंच, बाई, एक आकडा सांगायला तुमचं काय जातं? त्यांनी वाल सोलणं थांबवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"भाऊसाहेब, शेकडा काढायला शंभर लागतात. आपल्याकडे दहावीला अकरा आहेत. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. फादर उभे राहून म्हणाले की यंदा गावातले अमुक टक्के गेले, तर लोक त्यांना सोडतील का?"

मी म्हटलं, बाई, ही पोरं जिवंत आहेत.

"म्हणून तर नावं घ्यायची," बाई म्हणाल्या आणि परत वालांना लागल्या.  मी आवक-जावकचं रजिस्टर उघडून बसलो.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, त्यांच्या निवृत्तीचं वर्ष येईपर्यंत. त्या वर्षी वरून फतवा निघाला: सगळ्या शाळांचं मूल्यांकन होणार, शाळांना श्रेणी मिळणार, आणि ज्या शाळेचा पट कमी आणि निकालही कमी, ती शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करणार. विलीन हा शब्द शोधून काढणाऱ्याला माझा नमस्कार. एखादी नदी समुद्राला मिळते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात शेजारची मोठी शाळा हायवेच्या पलीकडे होती, आणि आमच्याकडच्या निम्म्या मुली हायवे ओलांडून शाळेत जाणार नाहीत, त्यांच्या घरचे पाठवणार नाहीत, हे चांदीपच्या कुठल्याही म्हशीनेसुद्धा सांगितलं असतं. पण म्हशींना कोणी विचारत नाही.

पट आमच्या हातात नव्हता. राहिला निकाल. गेली काही वर्षं आमचा निकाल शंभर टक्के लागत होता, आणि या वर्षीही लागला तर शाळा वाचणार होती. त्या वर्षीही दहावीला अकराच पोरं होती, आणि त्यांपैकी दहा जणांची कोणाला काळजी नव्हती. अकरावी मनीषा.

मनीषा म्हणजे चांदीपच्या एका घरातली थोरली. वडील नाहीत, आई वालीवला एका गाळ्यात पॅकिंगला, घरी धाकटा भाऊ. लावणीच्या दिवसांत ती मामाच्या शेतात, कापणीच्या दिवसांतही तिथेच. वाचायला बरी, बोलायला त्याहून बरी, पण गणित दिसलं की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू फळ्यावरून कोणी तिला शिव्या देतंय. तिच्या आईने केव्हाच ठरवून टाकलं होतं, पोरगी दहावी एका फटक्यात पास झाली तर पुढे शिकेल, नाही झाली तर आपल्याबरोबर पॅकिंगला. एखादा विषय राहिला तरी अकरावीला बसता येतं वगैरे सवलती त्या माऊलीला मान्य नव्हत्या. पास म्हणजे पास.

जुलैमध्ये विस्तार अधिकारी स्वतः शाळेत आले. चहा घेतला, बोलक्या भिंतींची चौकशी केली, आणि मग आवाज खाली आणून मूळ मुद्द्यावर आले. मुद्दा सगळ्या शाळांना माहीत आहे. दहावीत एखादं पोरगं पडणार अशी खात्री असेल तर त्याच्या घरच्यांना बोलावून सांगायचं, दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून. पोरगं पडलं तर स्वतःच्या जबाबदारीवर पडतं, शाळेच्या निकालाला खरचटतही नाही. कितीतरी शाळांची शंभरी अशी भरते. पेपरात फोटो येतात, शिक्षकांचे सत्कार होतात, आणि सतरा नंबरवाली पोरं कुठे गेली हे कोणी विचारत नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. स्कूटरवरून ऊन-पावसात हिंडणारे, ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात ठेवणारे. म्हणाले, मी लेखी काही सांगत नाही, मॅडम, तुम्ही फक्त समजून घ्या. बाईंनी समजून घेतलं नाही. त्यांनी विचारलं, फॉर्म भरल्यावर मनीषा कुठल्या शाळेची? साहेब म्हणाले, कुठल्याच नाही, खाजगी. बाई म्हणाल्या, आठवीपासून माझ्याकडे आहे, ती खाजगी कशी? साहेबांनी खिशातली गोळी काढून तोंडात टाकली.

ते गेल्यावर ऑफिसात खरं रणकंदन झालं. आमचे गणिताचे सर तरुण, हुशार, घराचा हप्ता डोक्यावर असलेले. शाळा गेली की ते अतिरिक्त ठरणार आणि बदली जव्हार की मोखाडा कुठे होईल याचा नेम नाही. ते भडकून म्हणाले, बाई, एका पोरीसाठी अख्खी शाळा घालवणार का? चुकीचं बोलले असं मला तरी तेव्हा वाटलं नाही. शाळा गेली तर बाकीच्या मुलीही जाणारच होत्या. हिशेब सरळ होता.

बाईंनी डबा मध्यभागी सरकवला. मग म्हणाल्या, "सर, शाळा वाचवायला पोरगी बाहेर काढायची. मग वाचलेल्या शाळेत बसवायचं कोणाला?"

 आम्ही सगळेच वाल सोलत बसलो.

गंमत म्हणजे ही बातमी मनीषापर्यंत आमच्या आधी पोचली. गावात काय लपतं? ती शाळेत यायची बंद झाली. बाई छत्री घेऊन निघाल्या, आणि चिखलाचा रस्ता म्हणून सोबतीला मला घेतलं. घरात मनीषा तांदूळ निवडत होती, आई नुकतीच कामावरून आली होती. आई म्हणाली, "बाय, तिच्या डोक्यात गनित नाय शिरत. कोन कशाला त्रास घेतंय? जाऊ द्या तिला." आणि मनीषाने मान वर न करता सांगितलं की ती सतरा नंबरला जायला तयार आहे, कारण शाळा बंद पडली तर सगळ्या पोरी जन्मभर तिच्या नावाने बोटं मोडतील. चौदा-पंधरा वर्षांची पोर, आणि शाळेच्या श्रेणीची काळजी तिला. मूल्यांकन समितीला हे कळलं असतं तर त्यांनी त्यासाठी गुण दिले असते की नाही, कोण जाणे.

बाईंनी डबा उघडला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तू जा सतरा नंबरला. मीपण येते. मला तरी कुठे गणित येतं? दोघी खाजगी बसू." मनीषाला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. ती मुकाट्याने समोर बसून वाल सोलायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली.

कोणालाही वाटेल की बाईंनी ते चेष्टेत म्हटलं. छे. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला बाई वर्गात गेल्या आणि शेवटच्या बाकावर मनीषाशेजारी जाऊन बसल्या. वही, पेन्सिल, डबा. सरांना घाम फुटला. त्यांना वाटलं, तपासणी चाललीय. पण बाई तपासायला बसल्याच नव्हत्या. त्या शिकायला बसल्या होत्या, आणि विद्यार्थी म्हणून त्या अत्यंत त्रासदायक होत्या. दर दोन मिनिटांनी हात वर. हे का? ते कुठून आलं? कळलं नाही, परत सांगा. सर परत सांगायचे. तिसऱ्यांदा सांगायचे. मग बाई मनीषाकडे वळून विचारायच्या, तुला कळलं का गं? कळलं असेल तर मला सांग, मला लाजायला होतं परत विचारायला. आणि मनीषा खालच्या आवाजात समजावून सांगायची, आधी चुकीचं, मग बरंचसं बरोबर. त्या वर्षी शाळेचा कारभार गणिताचा तास सोडून उरलेल्या वेळात चालायचा. माझ्या फाइलींवर सह्या घ्यायला मला त्या बाकापर्यंत जावं लागे, आणि सर माझ्याकडे असं बघायचे, जणू मी उशिरा आलेला विद्यार्थीच आहे.

थंडीत मूल्यांकन आलं. विस्तार अधिकारी आणि त्यांच्याबरोबर टॅब घेतलेला एक तरुण. आमची तयारी जोरात होती. भिंतींवर हात धुण्याच्या पायऱ्या रंगवल्या होत्या, खाली नळ होता, नळाला पाणी नव्हतं, पण पायऱ्या अगदी बरोबर होत्या. तक्रारपेटी बसवली होती. तिच्यात गांधीलमाशांनी घर केलं होतं, त्यामुळे तक्रार करायला कोणी धजावत नव्हतं, आणि तक्रारींची संख्या शून्य भरली होती. मी गुलाबाची फुलं घेऊन दारात उभा. साहेबांनी विचारलं, मॅडम कुठे? मी म्हटलं, वर्गात. तास घेताहेत? मी म्हटलं, नाही साहेब, तासाला बसल्यात.

आम्ही वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा सरांनी फळ्यावर समीकरण मांडलं होतं. शेवटच्या बाकावरून बाईंचा हात वर. सरांनी नाइलाजाने त्यांना उठवलं, बाईंनी ठणठणीत आवाजात उत्तर दिलं, आणि ते चुकलं. सर सवयीने म्हणाले, "चूक. बसा खाली." मग त्यांना दारातले आम्ही दिसलो आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तेवढ्यात मनीषा बाईंचा पदर ओढून म्हणाली, बाई, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, परवाच सांगितलं ना तुम्हाला.

टॅबवाल्या तरुणाने साहेबांच्या कानाशी विचारलं, सर, हे कुठल्या रकान्यात टाकू? साहेब म्हणाले, विद्यार्थ्यांचा सहभाग. तो म्हणाला, पण मॅडम विद्यार्थी नाहीत ना. साहेब म्हणाले, मग शिक्षकांचं प्रशिक्षण टाक. तेही टॅबने घेतलं नाही, कारण प्रमाणपत्र जोडायचं होतं. शेवटी तो रकाना रिकामा राहिला.

ऑफिसात आल्यावर प्रश्नोत्तरं सुरू झाली. टॅबवाला विचारत होता, मी उत्तरं देत होतो, आणि बाईंनी सवयीने साहेबांपुढे मूठभर वाल सरकवले. साहेब विचारात होते. त्यांच्या बोटांनी आपोआप एक दाणा उचलला, दाबला, सोलला. मग दुसरा. ग्रंथालय, क्रीडांगण, स्वच्छतागृह, सगळं होईपर्यंत त्यांच्यापुढे सोललेल्या वालांचा ढीग झाला होता. मग प्रश्न आला, दहावीत अप्रगत विद्यार्थी किती टक्के?

बाई म्हणाल्या, एक. मनीषा. आत्ता बघितलीत ना ती.

टॅबवाला म्हणाला, मॅडम, टक्के लागतील.

"अरे बाळा, त्या पोरीचे टक्के करायचे म्हणजे तिला कापावी लागेल," बाई म्हणाल्या. साहेबांना ठसका लागला. मी पाणी आणायला पळालो, आणि येताना आकडा टॅबवाल्याच्या कानात सांगितला. जाताना बाईंनी सोललेल्या वालांतले अर्धे एका पिशवीत घालून साहेबांना दिले, म्हणाल्या, तुम्ही सोललेत, तुमचे आहेत. शासकीय तपासणीतून माणूस बिरड्याची तयारी घेऊन घरी गेला, असं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मेमध्ये निकाल लागला. दुपारी फोन वाजला आणि बाईंनी हात पुढे केला.  त्यांनी दहा नावं घेतली, प्रत्येकाबद्दल काही ना काही बोलल्या, नेहमीसारखंच. मग चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"मनीषा राहिली, साहेब. गणितात. थोडक्यात."

तिकडून साहेब काहीतरी म्हणाले. बाई म्हणाल्या, "नापास नुसतं लिहू नका. मनीषा लिहा." मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रकाना नाही? बरं." आणि फोन माझ्या हातात दिला. त्या दिवशी मला जांभळाखाली जावं लागलं नाही. आकडा साहेबांनी स्वतःच काढला होता. मोठ्या शाळेत एक पोरगं पडलं तर आकड्याला कळतही नाही, आमचा आकडा धाडकन खाली आला होता. मला बाईंचा भयंकर राग आला, हे सांगायला मला काही वाटत नाही. एवढा हट्ट करून मिळवलं काय? पोरगी पॅकिंगला आणि शाळा विलीनीकरणाच्या यादीत. बाई वालांच्या पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या, सोलत नव्हत्या. मग रागही आला तसा गेला, आणि फार वाईट वाटलं.

महिनाअखेर बाई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, आणि त्याच दिवशीच्या टपालात निकाल घसरल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र. खात्याचं टायमिंग नेहमीच अचूक असतं. बाईंनी शाल खांद्यावर ठेवूनच खुलासा लिहायला सांगितला: निकाल घसरलेला नाही, मनीषाला गणितात थोडे गुण कमी पडले. मी म्हटलं, बाई, हा खुलासा होत नाही. त्या म्हणाल्या, मग काय झालं ते तुम्हीच सांगा. मी जावक क्रमांक टाकून पाठवून दिलं.

पावसाळ्यात शाळा नव्याने सुरू झाली. गणिताच्या सरांकडे प्रभारी मुख्याध्यापकाचा चार्ज आला. आमचं नाव विलीनीकरणाच्या यादीत गेलं होतं आणि यादी कुठल्याशा टेबलावर होती. सरकारी टेबलाचा एक फायदा असतो, वस्तू तिथे पोचते पण तिथून निघत नाही. शाळा चालू राहिली. बाईंचं काही कळत नव्हतं. फक्त एक दिवस चांदीपहून येणाऱ्या रिक्षावाल्याने सांगितलं की छत्रीवाली ती म्हातारी बाय रोज येते, अजून रिटायर झाली नाय काय? मी सरांकडे बघितलं. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, मीपण जातो अधूनमधून, शाळा सुटल्यावर, बाईंना भूमिती अजून कळत नाही. मी चाटच पडलो. जव्हारच्या भीतीने भडकणारा माणूस तो हाच का, असं मनात आलं.

मनीषाच्या आईने ऐकून घेतलं होतं म्हणे, एका अटीवर. पुरवणी परीक्षेपर्यंतच. तोपर्यंत पोरगी घरी, तेव्हाही नापास झाली तर पॅकिंग. आणि बाई तिच्या ओट्यावर बसल्या होत्या. बसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

परवा विस्तार अधिकाऱ्यांचा फोन आला. विलीनीकरणाच्या प्रस्तावासाठी माहिती हवी होती. पट किती, वर्ग किती, शिक्षक किती. मी पटापट आकडे दिले. मधे हात पुढे करणारं कोणी नव्हतं. त्यांनी लिहून घेतले, मी ठेवू का म्हणून विचारलं. तर ते म्हणाले, थांबा. 

"भाऊसाहेब, ती मनीषा. तिचं काय झालं?"

या माणसाच्या हाताखाली किती शाळा असतील आणि किती पोरं. इतक्या वर्षांत त्यांनी मला फोनवर आकड्याशिवाय काही विचारलेलं मला आठवत नाही. 

"पास झाली, साहेब. पुरवणीला. गणितात पस्तीस."

"ते शाळेच्या निकालात धरत नाहीत हां," साहेब म्हणाले. सवय, दुसरं काय.

मी म्हटलं, माहीत आहे.

"बाईंना कळलं?"

"त्याच सांगायला आल्या होत्या, साहेब. वालांचा डबा घेऊन."

साहेबांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. समोर खुर्चीत सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, विस्तार अधिकाऱ्यांचा, मनीषाची चौकशी करत होते.

सरांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या रकान्यासाठी?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही."